कॉम्प्युटरच्या कपाळावरचा आकडा

ज्या वर्षी लातूरची जमीन हलली, त्या वर्षी आम्ही सगळे लग्नाच्या मांडवात राहायला गेलो, आणि लग्न मात्र कुणाचंच नव्हतं. माझे अब्बा नांदेडात मांडव आणि लायटिंगचं काम करायचे. मी लातूरला माझ्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, अकरावीला होतो, कारण तेव्हा नांदेड असो की जळकोट, ज्याच्या घरात पुस्तक उघडणारं पोर होतं तो त्याला उचलून लातूरच्या क्लासला नेऊन टाकायचा. भूकंपाची बातमी कळताच अब्बांनी टेम्पोत हाताला लागेल ते कापड टाकलं आणि लोहा-अहमदपूर करत लातूर गाठलं. हाताला लागलं होतं ते नेमकं नवरीच्या स्टेजचं. लाल-पिवळ्या झालरी, जरीचे गोंडे, जागोजागी शिवलेल्या टिकल्याएवढ्या काचा, आणि मधोमध एक भलंमोठं कापडी कमळ. घराचं छत स्लॅबचं, त्याखाली झोपायची कुणाची छाती नव्हती. अब्बांनी अंगणात बांबू रोवले, कमळ आमच्या डोक्यावर ताणलं आणि म्हणाले, "चार दिवसांची बात हाय." पुढे उन्हाळा आला तरी आम्ही कमळाखालीच होतो.

रस्त्यावरून जाणारे विचारायचे, "नवरदेव कुठला हो?" खाला चुलीपुढून ओरडायची, "किल्लारीकडून आला होता! नाचला आणि गेला!" तिच्या जिभेला त्या दिवसांतही धार होती. घर आत रिकामं आणि संसार सगळा बाहेर: तांब्याचा हंडा, शिवणयंत्र, माझी ट्रंक, एक रागीट कोंबडी. खट्टी दाल शिजली की वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, आणि शुक्रवारी दालच्याचं पातेलं उतरलं की शेजारचे पाटील काका काहीतरी विसरल्यासारखं करून कुंपणापाशी घुटमळायचे. एकच गोष्ट बदलली होती, आणि ती समजायला मला वेळ लागला. खाला भाकरी थापताना परातीखाली गोणपाट घालायची. ज्या भाकरीच्या थपथपीने आमची सकाळ व्हायची, ती आता कुणी उशी थोपटावी तशी मुकी झाली होती. मी विचारलं तर खालाने डोळ्यांनीच रुकूआपाकडे खूण केली.

रुकूआपा म्हणजे खालाची थोरली, बारावीला. मला गणित तिनेच शिकवलं. शिकवताना पट्टी हातात आणि हसू ओठात. भूकंपाच्या वेळी ती पाणी प्यायला उठली, आणि तेवढ्यात छताच्या गिलाव्याचा पोळपाटाएवढा तुकडा तिच्या उशीवर येऊन पडला. तिला खरचटलंही नाही. पण तिने उशी पाहिली. त्या दिवसापासून रुकूआपा स्लॅबखाली गेली नाही. बँकेत नाही, मैत्रिणीकडे नाही, स्वतःच्या घरात कपडे घ्यायलाही नाही. परात वाजली, ट्रक गेला, कोंबडी फडफडली, तरी तिचे तळवे आधी जमीन चाचपायचे. क्लासला ती यायची, कारण आमच्या बिराजदार सरांचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. "पत्रा पडला तर टेंगूळ," ती म्हणायची, "स्लॅब पडला तर जनाजा."

तिच्यासारखा विचार करणारे पुष्कळ होते. त्या वर्षी लातुरात क्लास निवडताना पालक आधी मान वर करून छत बघायचे आणि मग मास्तर. ज्यांनी हौसेने दुमजली इमारती बांधल्या होत्या ते हात चोळत बसले, आणि ऐपत नाही म्हणून पत्र्याखाली शिकवणारे बिराजदार सर रातोरात दूरदृष्टीचे ठरले.

पण बारावीची परीक्षा पत्र्याखाली होत नाही. रुकूआपाचं केंद्र तिमजली कॉलेजात यायचं होतं. खालू, म्हणजे तिचे वडील, गंजगोलाईच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. भूकंपाने गावातली लंबकाची घड्याळं एकदमच बंद पाडली होती आणि ती सगळी खालूंच्या दुकानात आली. मी एकदा डबा घेऊन गेलो तर भिंतभर घड्याळं, आणि भिंतभर तीच एक वेळ. मी डबा हातात धरून एकेक घड्याळ वाचत गेलो. खालूही बघत होते. "इतकं एकमत मी उभ्या जिंदगीत पाहिलं न्हाई," ते म्हणाले. असा हळवा माणूस. पण संध्याकाळी जेवताना त्यांनी साफ सांगितलं, "रुकू, परीक्षेला बसलीस तर तू म्हणशील तिथवर शिकवतो. नाही बसलीस तर उदगीरवाल्यांना हो म्हणतो. ते थांबायला तयार न्हाईत."

उदगीरवाल्यांचं किराण्याचं दुकान होतं, आणि मुलगा, खालाच्या शब्दांत, 'खाली मान घालून बसणारा' होता. रुकूआपाला इंजिनियर व्हायचं होतं.

"पेपर अंगणात द्यायला मिळाला तर देते," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा नुसताच दालीत बुडवत राहिली.

अशात बिराजदार सरांनी कॉम्प्युटर आणला. हैदराबादहून, गाद्यांमध्ये गुंडाळून. शेडला लागून सरांची ऑफिसची खोली होती, तेवढी एकच स्लॅबची. तिथे त्याची स्थापना झाली. स्थापनाच म्हणतो, कारण नारळ फुटला, उदबत्ती लागली आणि चपला बाहेर काढायचा नियम झाला. आम्ही रांगेने आत जायचो, बघायचो आणि उलट्या पावली बाहेर यायचो. यंत्र काय करतं ते सरांसह कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण त्याच्या कपाळावर, काळ्या काचेमागे, लालबुंद आकडा पेटायचा: तेहतीस. शेजारी एक बटण. ते दाबलं की आकडा सहासष्ट व्हायचा. यंत्राचा वेग म्हणे. आजच्या पोरांना सांगून पटणार नाही, पण मी तो आकडा पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. अब्बांच्या लायटिंगमध्ये मोर नाचताना पाहिले होते, चक्रं फिरताना पाहिली होती. पण दिव्याने आकडा बोलावा, आणि तोही स्वतःबद्दल, हे मी प्रथमच बघत होतो.

गोंधळ झाला तो पालकांमुळे. जळकोटचे एक मामा मुलाचं नाव घालायला आले. सरांनी त्यांना मानाने आत नेलं. मामांनी यंत्राला हात जोडले, आकडा वाचला आणि चेहरा पाडला.

"सर, ह्येला तेहतीसच पडलेत की. पास व्हायला पस्तीस लागत्यात न्हवं?"

सरांनी घाईने बटण दाबलं. सहासष्ट.

मामा आणखीच नाराज झाले. "येत होतं तर मग आधी का केलं न्हाई? आमचं बी असंच हाय. कुणी टोचल्याबिगर करतच न्हाई."

हसू नका. लातुरात त्या काळी दोन अंकी आकडा म्हणजे मार्कच. एखाद्या घरी पाहुणा गेला तर पाणी यायच्या आधी 'पोराला किती?' यायचं. मामांच्या मागून आलेल्या बाईंनी तेच विचारलं, त्यांच्या मागून आलेल्या मास्तरांनीही. आठवडा संपायच्या आत गावभर झालं, की बिराजदारांकडचा कॉम्प्युटर जेमतेम फर्स्ट क्लासचा आहे, आणि तोही बटण दाबल्यावर. सरांची झोप उडाली. आमच्या परीक्षेच्या तोंडावरच पुढच्या बॅचसाठी पालकांची सभा ठरली होती. त्यांनी मला बोलावलं. "शेख, तू लायटिंगवाल्याचा मुलगा ना? आकडा वाढव. नव्याण्णव कर."

"शंभर का नको, सर?"

"आकड्याला घरंच दोन आहेत रे बाबा."

सर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत असताना मी यंत्राचं झाकण उघडलं. मला वाटलं होतं, आकड्यातून निघणारी तार थेट यंत्राच्या मेंदूपर्यंत जात असेल, डॉक्टरची नळी छातीवर असते तशी. तसं काहीच नव्हतं. काचेमागे काड्यापेटीएवढी हिरवी पट्टी. तिला विजेच्या दोन तारा आणि एक तार बटणाकडून आलेली. बस. पट्टीच्या पाठीवर पितळेच्या टाचण्यांचं शेत, आणि त्यातल्या काही टाचण्यांवर तांदळाएवढ्या काळ्या टोप्या. म्हणजे तो आकडा काहीच मोजत नव्हता! कुणीतरी कारखान्यात बसून टोप्या घातल्या होत्या, आणि त्या टोप्या सांगतील ते कपाळ बोलत होतं. माझा विरस व्हायला हवा होता. उलट मला ते यंत्राच्या वेगापेक्षाही अचाट वाटलं. पण कुठली टोपी काय बोलते, हे माझ्या डोक्याबाहेरचं होतं.

"माझी आपा करेल, सर."

"मग बोलाव."

"ती या खोलीत येणार नाही. वर स्लॅब आहे."

सरांनी वर पाहिलं आणि ते म्हणाले, "मग पट्टी तिच्याकडे ने. सांभाळून. ही माझी इज्जत आहे."

सरांची इज्जत हातरुमालात बांधून मी सायकलवरून घरी आणली. संध्याकाळची वेळ. खालूंचा बारीक चिमटा होता, टॉर्चचे तीन सेल होते. रुकूआपाने पट्टीला तारा लावल्या, बटणाचीही जोडली, आणि कमळाखाली सहासष्ट पेटला. मांडवाच्या झालरीतल्या शेकडो काचांमध्ये शेकडो लाल ठिपके उमटले. खाला भाकरी टाकून आली. खालू डोक्यावरची टोपी काढून बसले. कोंबडीसुद्धा गप्प झाली. मी आपाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पट्टीवर होते. बऱ्याच दिवसांनी ते जमीन चाचपत नव्हते.

तिने खालाकडून काड्यापेटी मागून घेतली आणि सतरंजीवर काड्यांचे आकडे मांडले. "बघ मुन्ना. सात काड्यांचा आठ. आठात सगळे आहेत. डावीकडची खालची एक काडी विझव, नऊ झाला. एकाला दोनच काड्या, बिचारा." एक टोपी उचलायची, बघायचं कुठली काडी विझली, परत घालायची, बघायचं कुठली पेटली. खाला म्हणाली, "क्या बोलतै बेटी वो?" आपा म्हणाली, "जो मैं बोलूं, वो बोलतै अम्मी." आणि हसली. भूकंपानंतर पहिल्यांदा. खालाने लगेच पदराने नाक पुसलं आणि धुराला शिव्या दिल्या.

जेवायच्या आधी नव्याण्णव झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आपाने सेल काढले, आणि आम्ही ताटावर बसलो तरी ती पट्टीशी काहीतरी करत राहिली. मग तिने स्वतःच ती रुमालात नीट बांधून माझ्या दप्तरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सभा. शेड भरलेली. मी ऑफिसात पट्टी जागेवर बसवली, सरांनी देवाचं नाव घेऊन कळ दाबली, आणि कपाळावर पेटला एकोणनव्वद.

"दहा टक्के गेले!" सर कळवळले. "शेख, दहा टक्के!"

"रस्त्यात हादरे बसले असतील सर, टोपी पडली असेल. आत्ता करतो."

सर बाहेर जाऊन शिस्तीवर बोलू लागले. मी चिमटा घेतला. इथे एक अडचण अशी, की टोप्या पाठीमागून घालायच्या आणि आकडा पुढून दिसायचा, त्यामुळे डावं ते उजवं. मी एक टोपी उपटली, आठाची कंबर गेली. दुसरी उपटली, डोकं गेलं. घाबरून दोन्ही परत घातल्या तर शेजारच्या नवाला भलताच पाय फुटला. दाराबाहेर, पत्र्याखाली, रुकूआपा उंबऱ्याला पायाची बोटं टेकवून उभी होती आणि दबक्या आवाजात ओरडत होती.

"खालची! डावीकडची!"

"तीच काढली!"

"तुझी डावी न्हाई रे, त्याची डावी!"

"त्याची कुठली? त्याला पाठ हाय का तोंड?"

"पुढं ये! नको, तिथंच थांब. ती न्हाई! मुन्न्या, ती न्हाई म्हणलं ना!"

बाहेर सरांची शिस्त संपून स्वच्छता सुरू झाली होती. कपाळावर आता जो प्रकार पेटला होता तो जगातल्या कुठल्याच भाषेतला आकडा नव्हता. मी रडकुंडीला आलो. तेवढ्यात माझ्या हातावर फाट्‌कन चापट बसली.

"हट बाजूला. चिमटा धरलाय का फावडं?"

ती वाकली. एक टोपी काढली, एक हलवली, एक फुंकर मारून परत बसवली. नव्याण्णव. बटण दाबलं, नव्याण्णव. सोडलं, नव्याण्णव. मग ती ताठ उभी राहिली, आणि तेव्हा मला कळलं की ती आत आहे. तिलाही तेव्हाच कळलं असावं, असं मला वाटलं. तिने हळूहळू मान वर केली. वर स्लॅब होता. पंखा होता, न फिरणारा. मला वाटलं आता ती किंचाळेल, धावेल, सभेतून आरपार पळत जाईल. ती बघत राहिली. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. बाहेर कुणीतरी खोकलं.

"जाळं झालंय वर," ती म्हणाली. "सरांना सांग झाडून घ्यायला."

आणि सरांच्या खुर्चीवर बसली. पाणी मागितलं. मी म्हटलं, "बाहेर चल, देतो." ती म्हणाली, "इथं आण."

पालक रांगेने आत आले, तेव्हा नव्याण्णवच्या शेजारी रुकूआपा बसलेली होती, घामाने डबडबलेली, हातात पेला. जळकोटचे मामा पुन्हा आले होते. त्यांनी आकडा पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. "अभ्यास केला म्हणायचा ह्यानं. पर सर, शंभरातला एक कुठं गेला?"

"गर्व होऊ नये म्हणून सोडलाय," सर म्हणाले.

त्यानंतर आपा रोज त्या खोलीत बसू लागली. आधी दार उघडं ठेवून, मग लोटून. एका सकाळी मी भाकरीच्या आवाजाने जागा झालो. थप, थप, थप, खणखणीत. गोणपाट बाहेर दोरीवर वाळत होतं. खालूंनी उदगीरला नाही कळवलं. परीक्षेला मी तिला तिमजली कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. ती मागे वळून न बघता जिना चढून गेली आणि मी खाली उभा राहून त्या इमारतीला दम देत होतो, की खबरदार, हललीस तर. तिला किती पडले, हे तुम्ही लातूरकर असाल तर आत्ता विचारणारच. नाही सांगणार. इंजिनियर झाली, आणि पुढे नांदेडच्या तंत्रनिकेतनात शिकवू लागली.

ही गोष्ट मी आयुष्यभर लग्नांत, प्रवासात, दवाखान्यांच्या बाकांवर सांगितली. हातवारे करून, सरांचा आवाज काढून. तिचा शेवट ठरलेला असायचा: सायकलच्या हादऱ्याने एक टोपी पडली आणि माझ्या आपाचं नशीब फिरलं.

आता पन्नाशी जवळ आल्यावर मला एक खूळ लागलं आहे. तसल्या जुन्या आकड्यांच्या पट्ट्या मी घरी नव्याने बनवतो. हैदराबादच्या जुन्या बाजारातून लाल आकडे आणतो, टाचण्या डागतो, टोप्या शोधतो, पुढे काळी काच, शेजारी बटण. माझी लेक विचारते, "अब्बू, हे मोजतं काय?" मी अभिमानाने सांगतो, "काहीच नाही." मागच्या ईदला रुकूआपा शीरखुर्मा प्यायला येणार होती, म्हणून मी ठरवलं, तिच्यासमोर तो सगळा प्रसंग उभा करायचा. नव्याण्णव पेटवला. आता एक टोपी काढायची की एकोणनव्वद. काढली. नवाचं डोकं गेलं. दुसरी काढली, पोट गेलं. मी एकेक करून सगळ्या काढून-घालून पाहिल्या. टोपी काढली की काडी विझते, दुसरं काहीच होत नाही. आणि नवाचा आठ व्हायला काडी विझून चालत नाही. एक जास्तीची पेटावी लागते.

मी चिमटा खाली ठेवला. सायकलचा हादरा टोपी पाडू शकतो. टाचणीवर नेमकी नवी टोपी घालू शकत नाही.

आपा आली. केस पांढरे, चालणं मात्र तेच, भरभर. तिच्या हातात पेला दिला आणि म्हटलं, "आपा, त्या दिवशी एक काडी जास्त होती."

तिने पेला संपवला. तळाचे काजू चमच्याने गोळा केले, खाल्ले. मग म्हणाली, "लई लवकर कळलं रे तुला."

"तूच घातली होतीस?"

"मला आत जायचं होतं, मुन्ना. रोज उंबऱ्यापर्यंत यायची मी. पाय ऐकत नव्हते. म्हटलं, पायांना विचारायचंच नाही." तिने टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं. "तुला ते काही जमणार नाही, याची मला पक्की खात्री होती."

एवढी वर्षं मी ज्याला नशीब म्हणून टाळ्या घेतल्या, ते एका घाबरलेल्या मुलीने, आम्ही भाकरी खात असताना, चिमट्याने उचलून जागेवर बसवलं होतं. तिने पट्टीशेजारचा चिमटा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, डबीतून एक काळी टोपी टिपली आणि पाठीमागून, न बघता, बरोबर टाचणीवर बसवली.

ती पट्टी आता माझ्या बैठकीत आहे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, नव्याण्णव तरी करायचा होता. मी एकोणनव्वदच ठेवला आहे.